वेगाच्या मोटारीचें एंजिन कोठें असावें?

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं दोन प्रहरीं आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांसह आमच्या घरीं आला. लातूरच्या औद्योगिक वसाहतीनजीक वडिलांचें मोटारदुरुस्तीचें लहानसें दुकान आहे. मुलगा त्या दुकानांतच वाढला, व सध्यां यंत्रशास्त्राच्या पदविकेचा अभ्यास करीत आहे. अपघातांत मागल्या बाजूनें चेपलेली एक जुनी 'मारुती ८००' या पितापुत्रांनीं भंगाराच्या भावानें विकत घेतली होती. तिच्यांतून दोनच माणसांची, बुटकी व चपळ अशी एक गाडी बांधावी, असा मुलाचा मनोदय होता. येथवर दोघांचें एकमत होतें. वाद होता तो एका गोष्टीचा. मुलाचें म्हणणें, एंजिन पुढून उचलून बैठकीच्या मागें न्यावें.

"सर, कंपनीनं जिथं ठेवलंय तिथंच राहू द्या म्हणतो मी," वडील म्हणाले. "त्यांना काय अक्कल नव्हती का?"

"बाबा, त्यांनी घरच्या पाच माणसांची गाडी केली होती," मुलगा म्हणाला. "आपल्याला दोघांचीच करायची आहे."

दोघांचेंही बोलणें खोटें नव्हतें, आणि अडचण होती ती हीच. वडिलांनीं गांठचे पैसे घातले होते. शिवाय पत्रा एकदां कापला म्हणजे तो पूर्ववत् होत नाहीं. निवाडा त्यांनीं आमच्यावर सोंपविला. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जो विचार केला, तो येथें मांडीत आहों. कारण वरच्या वर्गांतील कित्येक मुलें आम्हांस हाच प्रश्न निराळ्या शब्दांनीं विचारीत असतात.

प्रथम नित्याच्या पाहण्यांतील वाहनें घेऊं. लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेनें नांदेडाहून लातुरास जाणारी साधी एस. टी. घ्या. तिचें एंजिन चालकाच्या शेजारीं असतें. उन्हाळ्यांत त्या एंजिनाच्या झांकणाजवळची जागा मिळालेल्या प्रवाशास तें निराळें सांगावयास नको! त्या एंजिनाची शक्ति गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब दांड्यानें मागल्या चाकांस पोंचते. मुंबईची काळीपिवळी 'पद्मिनी' टॅक्सी, जी २०२३ मध्यें रस्त्यावरून कायमची गेली, तीही याच घडणीची. ही रीत फार जुनी आहे. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या पहिल्या मोटारींत एंजिन मागें होतें. पुढें १८९१ च्या सुमारास फ्रान्समधील पानहार व लव्हासोर यांनीं तें पुढें आणून मागलीं चाकें फिरविलीं, व त्यांचा कित्ता जगानें अनेक वर्षें गिरविला.

मारुती ८०० ची तऱ्हा निराळी. तिच्यांत एंजिन, गिअरपेटी व डिफरन्शियल हीं सर्व एकाच गठ्ठ्यांत, पुढें, आडवीं बसविलेलीं असतात आणि पुढलींच चाकें गाडी ओढतात. १९५९ सालीं अलेक इसिगोनिस यांनीं 'मिनी' गाडींत ही आडवी रचना यशस्वी करून दाखविली. तिच्यांत लांब दांडा नको, मधला उंचवटा नको. म्हणून माणसांस जागा अधिक व गाडी स्वस्त. याच्या उलट, आपण स्टेशनावरून शाळेंत येतों ती रिक्षा. बजाज कंपनीनें १९७७ मध्यें मागें एंजिन असलेली रिक्षा काढली. तिच्यावरील 'आर ई' या अक्षरांचा अर्थच मुळीं 'मागलें एंजिन' असा आहे. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालीं सिद्ध झालेली व २००९ मध्यें बाजारांत आलेली टाटांची 'नॅनो' हीदेखील मागल्या एंजिनाची होती. आणि मुलांना शाळेंत पोंचविणाऱ्या 'ओम्नी'चें एंजिन कोठें आहे, हें त्या मुलांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? तें पुढल्या बैठकीच्या खालीं असतें.

तेव्हां एंजिन कोठेंही ठेवलें तरी गाडी चालते, हें उघड आहे. प्रश्न चालण्याचा नाहीं. वेगानें वळण्याचा, व वेगांत असतां थांबण्याचा आहे.

याचें मूळ बैलगाडींत सांपडतें. कडबा भरणारा शेतकरी ओझें कोठें पडतें याकडे फार बारकाईनें पाहतो. ओझें मागें अधिक झालें कीं गाडी उलाळ होते व जूं बैलांच्या मानेवरून वर उचलूं लागतें. पुढें अधिक झालें कीं सारा भार बैलांच्या मानेवर येतो. मोटारीस बैल नाहींत, परंतु मानेच्या ठिकाणीं तिचे चार टायर आहेत. टायर जमिनीला किती घट्ट धरील, हें मुख्यतः त्याच्यावर किती भार आहे यावर अवलंबून असतें. हा भार एका जागीं स्थिर राहता तर काम सोपें होतें. पण तो राहत नाहीं. एस. टी. सुटतांच उभे प्रवासी मागें कलतात, ब्रेक लागतांच पुढें झुकतात. गाडीचा भारही तसाच पुढेंमागें सरकतो.

किती सरकतो, हें आठवीच्या मुलासही काढतां येईल. नऊशें किलो वजनाची एक गाडी घ्या. तिच्या पुढल्या व मागल्या चाकांत अडीच मीटर अंतर असून गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे, असें समजा. गुरुत्वाच्या निम्म्या त्वरणानें ती पुढें झेंपावली, तर सरकणारा भार म्हणजे नऊशेंचा निम्मा, आणि त्याचा पुन्हां पांचवा हिस्सा. कारण उंची ही लांबीच्या एकपंचमांश आहे. उत्तर ९० किलो. इतका भार पुढल्या चाकांवरून निघून मागल्यांवर जातो.

आतां एंजिन पुढें असल्यानें पुढल्या चाकांवर ५४० व मागल्यांवर ३६० किलो भार आहे, असें धरूं. झेंप घेतांच पुढें ४५० उरले. चाकें फिरवावयाचीं पुढलीं, आणि नेमका त्यांच्याच अंगावरचा भार कमी झाला! चिखलांत पुढल्या चाकांची गाडी चढावर जागच्या जागीं चाकें कां फिरवीत बसते, तें यावरून कळेल. आमच्या काळ्या मातींत आषाढांत गाडी घालून पाहिलेल्या पालकांस हा अनुभव नवा नाहीं. आतां तेंच एंजिन बैठकीच्या मागें, पण मागल्या चाकांच्या पुढें ठेवा. मागल्या चाकांवर उभ्या स्थितींत ५४० आणि झेंपेच्या वेळीं ६३० किलो. फिरवावयाचीं तींच चाकें, व भारही त्यांच्यावरच.

ब्रेकची कथा याहून बोधप्रद आहे. जोरानें ब्रेक दाबल्यास, म्हणजे गुरुत्वाच्या आठदशांश इतक्या वेगरोधानें, याच हिशेबानें १४४ किलो भार पुढें सरकतो. पुढल्या एंजिनाच्या गाडींत तेव्हां पुढें ६८४ व मागें अवघे २१६ किलो राहतात. मागले ब्रेक जवळजवळ नांवापुरते. मधल्या एंजिनाच्या गाडींत पुढें ५०४, मागें ३९६. म्हणजे चारही चाकें आपापला वांटा उचलतात. लोक वेगाच्या गाडीची परीक्षा ती किती धांवते यावरून करतात. आम्ही म्हणूं कीं ती कशी थांबते हें आधीं पाहावें.

टायरच्या पकडीस आम्ही वर्गांत महिन्याच्या पगाराची उपमा देतों. पगार ठराविक असतो. तो सारा घरभाड्यांत गेला तर किराण्यास कांहीं उरत नाहीं. पुढलीं चाकें गाडी ओढूंही लागलीं आणि वळवूंही लागलीं, तर एकाच पगारांतून दोन्ही खर्च भागवावे लागतात. साठ अश्वशक्तीपर्यंत तें सहज भागतें. एंजिन दांडगें झालें कीं वळणावर जोर देतांच पुढलीं चाकें घसरतात व गाडी वळावयाचें सोडून सरळ जाऊं लागते. ओढण्याचें काम मागल्या चाकांस आणि वळविण्याचें पुढल्यांस दिलें, तर घरांत दोन मिळवते झाले.

आणखी एक गोष्ट. पाण्याची कावड खांद्यावर असतां चटकन् वळून पाहा. दोन टोंकांच्या घागरी अंगाला वळूं देत नाहींत. आणि एकदां वळूं लागल्या म्हणजे थांबतही नाहींत. तेवढेंच पाणी एकाच घागरींत भरून तिला छातीशीं धरलें, तर वळणें सोपें जातें. मोटारींत एंजिन ही सर्वांत जड घागर आहे. ती टोंकाला ठेवली कीं गाडी कावडीसारखी वागते, मध्यावर ठेवली कीं घागरीसारखी. 'ऑटो युनियन' कंपनीनें १९३४ ते १९३९ या काळांत चालकाच्या मागें एंजिन असलेल्या शर्यतीच्या गाड्या धांवविल्या. त्या रचनेचे जनक फर्डिनांड पोर्श. पुढें १९५९ मध्यें जॅक ब्रॅबहॅम यांनीं 'कूपर' या मागल्या एंजिनाच्या लहानशा गाडींत बसून जगज्जेतेपद पटकाविलें, आणि १९६० नंतर पुढल्या एंजिनाची गाडी तें पद पुन्हां मिळवूं शकली नाहीं. अमेरिकेंतील 'कॉर्व्हेट' १९५३ पासून पुढल्या एंजिनाची होती. तिच्या कर्त्यांनींही अखेर २०२० सालच्या गाडीपासून तें मध्यें नेलें.

हें सारें दूरदेशचें झालें. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें खरें उत्तर गोवा व पुणें येथेंच सांपडतें, आणि तें मौजेचें आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गोव्यांत 'सॅन स्टॉर्म' नांवाची दोन माणसांची उघडी गाडी तयार होऊं लागली. अंग फायबरग्लासचें, एंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचें, ११४९ घन सेंटिमीटरचें, सुमारें ६० अश्वशक्तीचें. रेनोनें तें आपल्या लहान गाड्यांत जेथें बसविलें होतें तेथेंच, म्हणजे पुढें, तिच्यांतही बसविलें आणि पुढलींच चाकें फिरविलीं. पुढें जानेवारी २०१२ मध्यें दिल्लीच्या मोटार प्रदर्शनांत दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' लोकांपुढें आली. तिचेंही एंजिन रेनोचेंच. पण दोन लिटरचें, टर्बोचें, सुमारें २५० अश्वशक्तीचें. हेंही मूळ पुढल्या चाकांच्या गाड्यांत आडवें बसणारें. मात्र येथें एंजिन व गिअरपेटी यांचा सबंध गठ्ठा उचलून बैठकीच्या मागें ठेवला, व तो मागलीं चाकें फिरवूं लागला. मार्च २०१७ मध्यें टाटा मोटर्सनें जिनिव्हा येथें दाखविलेली 'रेसिमो' याच मार्गानें गेली. घरगुती गाड्यांतील १.२ लिटरचें टर्बो एंजिन, शक्ति सुमारें १९० अश्व, जागा मधली, चाकें मागलीं. ती गाडी विक्रीस मात्र आलीच नाहीं. आम्हांस त्याची हळहळ वाटते.

एकाच गठ्ठ्याच्या या दोन जागा पाहिल्या म्हणजे वडिलांचें व मुलाचें म्हणणें आपापल्या ठिकाणीं बरोबर कसें, तें ध्यानीं येईल. साठ अश्वशक्तीच्या स्टॉर्मला एंजिन हलविण्याचें कारण नव्हतें. अडीचशें अश्वशक्तीच्या अवंतीला तें हलविल्यावांचून गत्यंतर नव्हतें, असें आमचें मत आहे. मारुती ८०० चें एंजिन तर ७९६ घन सेंटिमीटरचें, चाळीस अश्वशक्तीच्याही आंतलें. केवळ शक्तीच्या हिशेबानें पाहिलें तर वडील जिंकले!

वडिलांच्या बाजूनें दुसरेंही एक मोठें कारण आहे, व तें प्राणाशीं निगडित आहे. पुढलीं चाकें घसरलीं तर गाडी रुंद वळण घेते. चालक घाबरून पाय काढतो. पाय काढतांच भार पुढें येतो, पुढल्या टायरांस पकड मिळते आणि गाडी बहुधा सांवरते. म्हणजे घाबरलेल्या माणसाच्या हातून जें घडतें, तेंच तेथें हिताचें ठरतें. मागें जड असलेल्या गाडींत याचें उलट होतें. ओल्या वळणावर घाईनें पाय काढला कीं मागल्या चाकांवरचा भार कमी होऊन मागली बाजू बाहेर फेंकली जाते, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों गाडीचें तोंड आल्या वाटेकडे होतें. एंजिन पार मागल्या टोंकाला असेल तर हें अधिकच. यासाठींच नॅनोचे पुढले टायर १३५ मिलिमीटर व मागले १५५ मिलिमीटर रुंद ठेवले होते; मागली पकड आधीं सुटूं नये हा त्यांतला हेतु. १९६३ पासून मागल्या टोंकाला एंजिन बाळगणारी 'पोर्श ९११' आज नीट वागते, ती टायर व निलंबन यांवरच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेहनतीमुळें. आमच्या विद्यार्थ्याजवळ तेवढा वेळ नाहीं.

पुढें एंजिन व मागलीं चाकें हा मधला तोडगा कां नको, असें कोणी विचारील. तो उत्तम आहे. १९८९ ची जपानी 'मियाटा' त्याच रीतीची. एंजिन पुढल्या चाकांच्या जरा मागें सरकवून तिनें दोन्हींकडे जवळजवळ सारखा भार साधला. नवशिक्यास यासारखी गाडी नाहीं. परंतु त्यास उभें एंजिन व निराळी गिअरपेटी लागते, आणि दुकानांत पडला आहे तो आडवा गठ्ठा. चारही चाकें फिरविण्याचा मार्ग १९८० च्या 'आउडी क्वाट्रो'नें रॅलीच्या निसरड्या रस्त्यांवर गाजविला खरा. पण त्यांत वजन व खर्च दोन्ही वाढतात. विजेच्या मोटारींनीं मात्र हा प्रश्न नव्यानें उघडला आहे. बॅटरी तळाशीं पसरते व मोटर हवी त्या चाकांजवळ बसते. चाकण येथें बनणारी महिंद्रांची 'बीई ६' मागलीं चाकें फिरविते, ती याच सोयीनें. लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यास भेट दिलेल्या मुलांनीं 'वंदे भारत'ची रचना ऐकली असेल. तिच्यांत ओढणारें एकच जड एंजिन नसून मोटरा डब्यांखालीं वांटलेल्या असतात. असो.

आठ दिवसांनीं पितापुत्र पुन्हां आले, तेव्हां आम्हीं निवाडा मुलाच्या बाजूनें दिला. एंजिन मध्यें, चाकें मागलीं. कारण शक्तीचें नव्हे. गाडी बुटकी व दोघांचीच असल्यानें मागली जागा रिकामीच राहणार होती; गठ्ठा तयार होता; आणि ज्याला पुढें हा धंदा करावयाचा आहे, त्यानें भार कोठून कोठें जातो हें आपल्या हातानें अनुभवावें, असें आम्हांस वाटलें. परंतु अटी सर्व वडिलांच्या बाजूच्या घातल्या.

पहिली अट मागल्या चाकांविषयीं. पुढल्या भागाचीं चाकें व सांधे मागें नेले म्हणजे तेथें वळावयाचे सांधेही त्यांच्याबरोबर जातात. ते पक्क्या दांड्यांनीं असे जखडावे कीं केसभरही हलूं नयेत. नाहींतर मागलीं चाकें आपल्याच मर्जीनें वळतील, व चालकास कारण कळण्यापूर्वीं गाडी आडवी होईल. गठ्ठा नेतांना त्याचें तोंड फिरवूं नये, हेंही बजावलें. तोंड फिरविलें तर गाडीला मागें जाण्यास चार गिअर व पुढें येण्यास एक मिळेल! हें ऐकून वडील प्रथमच हंसले. एंजिन व बैठक यांच्यामध्यें लोखंडी पत्र्याचा अखंड पडदा हवा, आणि पेट्रोलची टाकी तापणाऱ्या नळीपासून दूर. टायर चारही नवे, मागले पुढल्यांहून रुंद. शिवाय ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणावयाची नाहीं. वाहनाच्या मूळ घडणींत असा फेरबदल करण्यास मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आड येतें, आणि ओल्या रस्त्यावर मागली बाजू कशी फिरते हें शिकण्यास रस्ता ही जागाच नव्हे.

शेवटची अट वजनाची. पत्रा कापण्यापूर्वीं गाडी बाजारसमितीजवळच्या वजनकांट्यावर न्यावी, आधीं सबंध तोलावी, मग फक्त पुढलीं चाकें कांट्यावर ठेवून तोलावी, आणि आंकडे वहींत मांडावे. सोयाबीनच्या गाड्यांच्या रांगेंत दोरीनें ओढून आणलेली ती मारुती पाहून हमालांनीं बरीच थट्टा केली म्हणतात. आंकडे मात्र चोख निघाले. एकूण ६२० किलो, पैकीं पुढें ३९०. म्हणजे शंभरांत त्रेसष्ट. नवी गाडी उभी राहिली म्हणजे दोघांस आंत बसवून ती पुन्हां त्याच कांट्यावर न्यावयाची, आणि पुढें शंभरांत चाळिसांहून कमी भार भरला तर रेडिएटर, बॅटरी व टाकी पुढें सरकवावयाचीं, असें ठरलें.

हा लेख छापण्यास देतांना आम्हीं दुकानावर चौकशी केली. सांगाडा जोडून झाला आहे. एंजिन अद्याप बांकावरच आहे. रेडिएटर पुढें ठेवून लांब नळ्या न्याव्या, कीं एंजिनाशेजारीं ठेवून मोठा पंखा लावावा, यावर पितापुत्रांचा नवा वाद जुंपला आहे. या वेळीं पुढें न्यावें म्हणणारे वडील आहेत.